अंधेरीचं मैदान आणि महिलांची लीग

अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात २०२२ च्या जानेवारीत महिलांच्या फुटबॉल आशिया चषकाचे सामने झाले. यजमान भारताला मात्र स्पर्धा अर्ध्यातच सोडावी लागली. नवी मुंबईत इराणशी गोलशून्य बरोबरी झाली आणि पुढच्या सामन्याआधी संघात कोरोना पसरला.

ही झाली आंतरराष्ट्रीय स्पर्धा; देशातली महिलांची फुटबॉल लीग म्हणजे 'इंडियन विमेन्स लीग'. २०१६-१७ च्या पहिल्या हंगामात मणिपूरचा ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन जिंकला. पुढे मुंबईचा केंकरे एफसी आणि एफसी कोल्हापूर सिटीही त्यात उतरले. नावाला लीग, पण अंतिम फेरी एकाच शहरात काही आठवड्यांत उरकायची! उरलेलं वर्ष मुलींनी काय करायचं? २०२३-२४ पासून घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर आळीपाळीने सामने होऊ लागले, हंगाम काही महिने चालू लागला. प्रत्येक क्लबने किमान १० भारतीय खेळाडूंशी करार करावा, वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपये द्यावेत, असं भारतीय फुटबॉल महासंघाने २०२३ मध्ये ठरवलं. मुंबईच्या उपनगरात एवढ्यात भाडं आणि लोकलचा पास भागवून फारसं उरत नाही. तरी पगाराचा आकडा कागदावर आला, हे मला मोठं वाटतं. २०२४-२५ चं विजेतेपद ईस्ट बंगालकडे गेलं.