घर सजवण्याआधी एक पावसाळा

नवरात्र आलं की वसई-विरारमधल्या बऱ्याच घरांत एक काम ठरलेलं असतं. कपाट भिंतीपासून ओढायचं, मागची काळी-हिरवी बुरशी फडक्याने पुसायची आणि ठेवणीतले कपडे उन्हात घालायचे. आमच्याही घरात ते होतं. फ्लॅटचा ताबा मिळाला आणि महिन्याभरात आम्ही सगळं बसवून घेतलं. हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीवर विटांच्या नक्षीचा वॉलपेपर आणि बेडरूममध्ये भिंतीला चिकटून छतापर्यंतचं कपाट. पहिल्याच श्रावणात वॉलपेपर फुगला आणि आईच्या पैठणीला कुबट वास लागला. काम घेणाऱ्याने सांगितलं होतं, "सगळं वॉटरप्रूफ आहे." त्या एका शब्दावर विश्वास ठेवल्याची किंमत आम्ही दुसऱ्यांदा रंगकाम करून मोजली. तेव्हापासून सुतार, रंगारी, शेजारीपाजारी यांना विचारत आणि मिळेल ते वाचत आले. घर सजवण्याबद्दलच्या कितीतरी ठाम समजुती आपल्या हवेत टिकत नाहीत, हे त्यातून कळलं.

मोबाइलवर आपण जे देखणे हॉल पाहतो, ते बहुतेक कोरड्या हवेतले किंवा दिवसभर एसी चालणारे असतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता सहसा ८० टक्क्यांच्या आसपास किंवा वरच असते. अर्नाळा, राजोडी, कळंबकडून येणारं वारं खारं असतं. पावसाचा मारा नैऋत्येकडून येतो आणि दक्षिण-पश्चिमेच्या भिंती चार महिने भिजत राहतात. घर सजवताना पहिली गाठ या हवेशी पडते.

"वॉलपेपर किंवा पॅनल लावलं की ओल झाकली जाते"

झाकली जाते हे खरं, पण तिथेच ती वाढते. बुरशीला तीन गोष्टी लागतात: ओलावा, खायला काहीतरी आणि न हलणारी हवा. वॉलपेपरच्या मागे या तिन्ही आयत्या मिळतात, कारण कागद आणि खळ हेच तिचं खाणं. पीव्हीसीचं पॅनल स्वतः कुजत नाही, पण त्यामागची भिंत श्वास घेऊ शकत नाही आणि पॅनलसाठी ठोकलेल्या लाकडी पट्ट्यांना वाळवी लागते.

ओल कुठून येते हे आधी ओळखावं. त्यासाठी घरच्या घरी करता येण्यासारखी एक सोपी चाचणी आहे. फूटभर चौरस जाड प्लास्टिक घ्या, भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला दव जमलं तर पाणी भिंतीतून येतंय: बाहेरच्या प्लास्टरची चीर, वरच्या मजल्याचं बाथरूम, डक्टमधला गळका पाइप. दव खोलीकडच्या बाजूला जमलं तर खोलीतल्याच हवेत बाष्प जास्त आहे. पहिल्या रोगावर आतून कितीही रंग मारा, उपयोग नाही. इलाज बाहेरून किंवा वरून करावा लागतो. दुसऱ्या रोगावर पंखा, उघडी खिडकी आणि एक्झॉस्ट पुरतो. पावसात कपडे बेडरूममध्ये वाळवणं आपल्याला चुकत नाही. पण मशीनच्या एका घाण्यातून दीड-दोन लिटर पाणी खोलीच्या हवेत जातं हे लक्षात ठेवावं आणि ती दोरी ड्राय बाल्कनीत किंवा निदान पंख्याखाली न्यावी.

आणखी एक. भिंत गुळगुळीत करायला सर्रास पीओपी वापरतात. पीओपी म्हणजे जिप्सम. ते ओल धरतं आणि मऊ पडतं. बाहेरच्या बाजूच्या भिंतीला व्हाइट सिमेंटची पुट्टी बरी. भिंतीला लोणा लागला असेल, म्हणजे पांढरी क्षारपूड फुटत असेल, तर पुट्टीही थांबवा. क्षार पाण्याबरोबर येतात, आणि पाणी थांबल्याशिवाय ते थांबत नाहीत.

कपाट मात्र आजच हलवता येईल. बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन इंच सोडा, किंवा कपाटाची जागाच बदलून दोन खोल्यांमधल्या आतल्या भिंतीला न्या. एवढ्या एका बदलाने आमच्या घरातली बुरशी जवळजवळ गेली.

"वॉटरप्रूफ प्लाय घेतलं की निर्धास्त"

दुकानात 'वॉटरप्रूफ' हा शब्द कशालाही लावतात. प्लायवर छापलेला आयएसआयचा शिक्का आणि आकडा वाचावा. 'एमआर' म्हणजे फक्त दमट हवा सोसणारं. थेट पाणी नाही. 'बीडब्ल्यूआर' उकळत्या पाण्याची काही तासांची चाचणी सोसतं. आयएस ७१० या आकड्याखाली येतं ते मरीन प्लाय, आणि त्याची चाचणी ७२ तास उकळत्या पाण्यात होते. फरक मुख्यतः डिंकाचा: एमआरला युरिया फॉर्मल्डिहाइड, वरच्या दोघांना फिनॉल फॉर्मल्डिहाइड.

म्हणून घरभर मरीन प्लाय लावायचं का? माझं मत, नाही. तो पैशांचा अपव्यय आहे. सिंकखाली, बाथरूमच्या दाराशेजारी आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या फर्निचरला चांगल्या दर्जाचं प्लाय वापरा. आतल्या भिंतीवरच्या पुस्तकांच्या मांडणीला एमआर पुरतं. पण कापलेली प्रत्येक कड बंद झाली पाहिजे. प्लाय आणि एमडीएफ दोन्ही पाणी पितात ते कडेतून, आणि सुतार नेमकी न दिसणारी खालची-मागची कड उघडी सोडतो. काम चालू असताना तिथे उभं राहून ती पाहा.

तळमजल्यावर राहणाऱ्यांनी जुलै २०१८ आठवावा. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले होते, वसईत वीज नव्हती, आणि सखल भागांतल्या घरांत पाणी शिरलं होतं. अशा घरात जमिनीला टेकलेले बॉक्सबेड आणि एमडीएफचे टीव्ही युनिट ठेवूच नयेत. स्टीलचे सहा इंची पाय असलेलं फर्निचर दिसायलाही हलकं वाटतं आणि खालून झाडूही फिरतो.

स्टीलचा विषय निघालाच आहे तर, "स्टेनलेस म्हणजे गंजत नाही" हाही गैरसमजच. स्वस्त ग्रिल बहुधा २०२ दर्जाच्या स्टीलची असते आणि खाऱ्या हवेत तिच्यावर तांबूस ठिपके येतात. ३०४ बरंच टिकतं. अगदी किनाऱ्यालगत ३१६ योग्य, कारण त्यात मॉलिब्डेनम असतं.

"बाल्कनी हॉलमध्ये घेतली की घर मोठं होतं"

वसई पश्चिमेच्या वाड्यांतली जुनी घरं आठवा. उतरती कौलं, भिंतीच्या कितीतरी बाहेर येणारी पडवी, पुढे ओटा. ती पडवी शोभेसाठी नव्हती. पाऊस भिंतीपर्यंत पोचू नये आणि दुपारचं ऊन आत येऊ नये म्हणून ती होती. फ्लॅटमध्ये पडवीचं ते काम आज एकटी बाल्कनी करते. ती बंद करून हॉलमध्ये घेतली की पावसाचा मारा थेट हॉलच्या नव्या भिंतीवर येतो, आतल्या खोलीचा उजेड आणि वारा कमी होतो, आणि पुढे झुकलेल्या त्या स्लॅबवर तिने कधी पेलायचं नव्हतं ते वजन येतं. असा बदल महापालिकेच्या परवानगीशिवाय करता येत नाही. रेरा कायद्याच्या चटई क्षेत्राच्या व्याख्येत बाल्कनी धरलेलीही नाही.

त्याच ओघात लोक मधल्या भिंती पाडतात, खांबाला झिरी पाडून वायर नेतात. २७ ऑगस्ट २०२५च्या मध्यरात्री विरार पूर्वेला विजय नगर भागात एका अनधिकृत चार मजली इमारतीचा भाग कोसळला आणि १७ माणसं गेली. ते घरातल्या तोडफोडीमुळे झालं असं मी म्हणत नाही. पण ज्या गावात अशा रात्री झाल्या आहेत, तिथे हातोडा उचलण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरची सही घेणं हे आपलं शेजाऱ्यांशी असलेलं कर्तव्य आहे. तुमच्या सोसायटीची इमारत १५ वर्षांहून जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट झालं आहे का, हेही विचारा; सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत ते दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांनंतर दर तीन वर्षांनी करायला सांगितलं आहे.

"मुलं आहेत, तोवर घर सुंदर ठेवण्यात अर्थ नाही"

ही समजूत मला सगळ्यात जास्त खटकते. मुलांसाठी घर कुरूप करावं लागत नाही, थोडं विचारपूर्वक करावं लागतं. पांढरी भिंत मुलांमुळे खराब होते असं म्हणतात. खरं तर रंगाच्या छटेपेक्षा त्याचा फिनिश महत्त्वाचा. डिस्टेंपर ओल्या फडक्याने निघतं. धुता येणाऱ्या इमल्शनवरून पेन्सिल आणि हळदीचा हात बऱ्याच अंशी पुसता येतो.

रंगाची खरी काळजी वेगळी आहे. जुन्या इमारतीतल्या दारांवर, ग्रिलवर ऑइलपेंटचे थर असतात आणि त्यांत शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएम ठरवणारे नियम २०१६ साली आले आणि १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाले. त्याआधीचा थर कोरडा घासला की ती धूळ फरशीवर बसते आणि रांगणाऱ्या बाळाच्या हातून तोंडात जाते. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक आहे. असा रंग पाणी मारून ओलाच घासायला सांगा, आणि काम चालेस्तोवर मुलांना मामाकडे पाठवा.

उंच कपाट आणि ड्रॉवरचं युनिट भिंतीला स्क्रूने बांधा. जड आहे म्हणून ते पडत नाही, हा समज चुकीचा. मूल उघड्या ड्रॉवरवर पाय देतं आणि तोल पुढे जातो. २०१६ साली आयकिया कंपनीने अमेरिकेत अशी सुमारे २.९ कोटी युनिटं परत मागवली, कारण त्यांखाली सापडून मुलं दगावली होती. खिडकीच्या ग्रिलचे गज आडवे असतील तर ती मुलासाठी शिडीच. उभे गज, आणि दोन गजांत १० सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर, हे बरं. ग्रिलला लागून पलंग किंवा सोफा नको.

आजी-आजोबांसाठी फरशी. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल आरशासारखी दिसते, पण पावसाळ्यात दारातून आलेल्या ओल्या चपलांनी ती निसरडी होते. प्रवेशदार, बाथरूम, ड्राय बाल्कनी इथे खरखरीत टाइल आणि कमोडशेजारी भिंतीत पक्का बसवलेला दांडा, एवढं तरी व्हावं.

झाडांबद्दलही एक गोड गैरसमज आहे: दोन-चार कुंड्यांनी घरातली हवा शुद्ध होते. नासाचा १९८९चा जो अभ्यास सगळे सांगतात, तो लहान बंद पेट्यांत झाला होता. २०१९ साली अशा अनेक अभ्यासांचा फेरआढावा घेतला गेला. तेव्हा दिसलं की नेहमीच्या वाऱ्याइतकं काम करायला दर चौरस मीटरला किमान १० झाडं लागतील. झाडं लावा, ती डोळ्यांना हवीतच. हवेसाठी खिडकी उघडा. बाटलीतल्या मनीप्लांटचं पाणी मात्र दर आठवड्याला बदला, कारण डेंग्यूचा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. डिफेनबेकिया लहान मुलांच्या घरात नको. पान चावलं तर जीभ-तोंड सुजतं.

फॉल्स सीलिंगबद्दल थोडक्यात: राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट. त्यातले सहा-नऊ इंच सीलिंगला दिले की खोली दबते, आणि वरच्या घरातली गळती प्लेट खाली येईपर्यंत दिसत नाही. उजेड हवा असेल तर पिवळसर ३००० केल्विनचे भिंतीवरचे दिवे खोली उबदार करतात.

"आपल्या मातीची कला आधुनिक घरात शोभत नाही"

आपण ज्या जिल्ह्यात राहतो, तोच वारली चित्रांचा मुलूख आहे. डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावचे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. ही चित्रं मुळात कारवीच्या कुडावर, शेणामातीने आणि गेरूने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने काढतात. लग्नातला चौक सवाष्णी काढतात आणि त्यात पालघट देवी असते. त्यामुळे छापील स्टिकरवर तो चौक हॉलमध्ये चिकटवणं मला पटत नाही. ते पूजेचं चित्र आहे. त्याऐवजी गेरूच्या रंगाची एकच कोरडी भिंत राखा आणि डहाणू-जव्हारकडच्या कलाकाराला घरी बोलवून शेत, नाच किंवा झाडाचं चित्र काढून घ्या. काढणाऱ्याच्या हातात पैसे जातात, आणि मूल त्या भिंतीसमोर बसून चित्र आकाराला येताना बघतं.

ती भिंत कोरडी आहे हे कळायला मात्र एक पावसाळा जावा लागतो. नवं घर घेतलं असेल तर पलंग, गॅस, पंखे आणि पडदे एवढ्यावर पहिले चार महिने काढा. कुठे ओल येते ते पाहा, तारीख घालून फोटो काढा. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. वॉलपेपर आणि पॅनलखाली गेलेली ओल तुम्हालाच दिसत नाही, मग कळवणार काय? लेखी कळवा, पोच घ्या, दुरुस्ती होऊ द्या, आणि रंगाऱ्याला दिवाळीनंतर, भिंती वाळल्यावर बोलवा.