आपल्या नाडीवर चालणारं घड्याळ

दवाखान्याबाहेरच्या बाकावरची दहा मिनिटं आणि मैत्रिणीशी गप्पांत गेलेली दहा मिनिटं सारखीच, असं घड्याळ म्हणतं. मनाला ते कधी पटत नाही. गेल्या पन्नासेक वर्षांत काही कलावंतांनी या भांडणात मनाची बाजू घेतली आणि प्रेक्षक आत शिरल्याशिवाय पुरी होत नाहीत अशी मांडणशिल्पं उभारली.

अमेरिकन कलावंत डॅन ग्रॅहम यांनी १९७४ मध्ये एक खोली केली. भिंतींवर आरसे, एक कॅमेरा आणि टीव्हीचा एक पडदा, त्यावरचं दृश्य आठ सेकंद उशिरा येणारं. आपण हात वर करतो, आरशातला हात लगेच वर जातो, पडद्यावरचे आपण मात्र अजून दारातून आत येत असतो. समोरच्या आरशातला पडदाही कॅमेरा टिपतो, त्यामुळे चित्राच्या आत सोळा सेकंदांपूर्वीचे आपण दिसतो, त्याच्याही आत चोवीस सेकंदांपूर्वीचे. ‘आत्ता’ हा शब्द किती निसरडा आहे, हे इतक्या थोड्या सामानात दाखवणारं दुसरं काम मला माहीत नाही.

२००५ च्या सुमारास टोकियो विद्यापीठात अल्वारो कासिनेल्ली यांनी ‘क्रोनोस प्रोजेक्टर’ केला. ताणलेल्या कापडी पडद्यावर बोट दाबलं की चित्रफितीतला तेवढाच भाग मागच्या किंवा पुढच्या वेळेत सरकतो. डोळे दिपतात, पण नवल ओसरलं की हाती फारसं उरत नाही. त्यापेक्षा दिल्लीच्या रक्स मीडिया कलेक्टिव्हचं ‘एस्केपमेंट’ (२००९) जास्त रेंगाळतं. तिथं प्रेक्षकाला काही करायचं नसतं. २७ घड्याळं, आणि तबकडीवर आकड्यांच्या जागी चिंता, कर्तव्य, थकवा अशा भावनांची नावं.

माझ्या मते या सगळ्यांत खरं काळजाला भिडतं ते राफाएल लोझानो-हेमर यांचं ‘पल्स रूम’. २००६ मध्ये ते मेक्सिकोतल्या प्वेब्ला शहरात प्रथम मांडलं गेलं, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात गेलं. अंधाऱ्या दालनात छताला रांगेनं बल्ब टांगलेले. एका टोकाला दोन मुठी. त्या धरल्या की नाडी टिपली जाते आणि जवळचा बल्ब आपल्या ठोक्यावर उघडमीट करू लागतो. बल्ब जुन्या पद्धतीचे, तारेचे, म्हणून विझताना तार क्षणभर लालसर राहते. मुठी सोडल्या की सगळीकडे अंधार होतो, आणि पुन्हा उजेड येतो तेव्हा प्रत्येक ठोका एक घर पुढे सरकलेला असतो. आपलाही त्या रांगेत. मागून माणसं येत राहतात, आपला ठोका पुढं ढकलला जातो आणि शेवटच्या बल्बावरून नाहीसा होतो. ‘माकारिओ’ या १९६० च्या मेक्सिकन चित्रपटातल्या गुहेत प्रत्येक माणसाच्या आयुष्याची एक मेणबत्ती जळत असते. या कामाची प्रेरणा तीच.

जपानच्या तात्सुओ मियाजिमा यांची वाट वेगळी. नाओशिमा बेटावर सुमारे दोनशे वर्षं जुनं ‘कादोया’ नावाचं घर आहे. तिथं त्यांनी १९९८ मध्ये अंधाऱ्या खोलीत पाणी भरलं आणि त्यात १२५ एलईडी आकडे ठेवले. ते एक ते नऊ मोजतात. शून्य कधीच दिसत नाही, त्या जागी अंधार असतो, म्हणजे मृत्यू, आणि मग पुन्हा एक. प्रत्येक आकड्याचा वेग बेटावरच्या एकेका रहिवाशानं ठरवला. कुणाचा झरझर पळतो, कुणाचा इतका सावकाश की पुढचा आकडा येईतो उभ्या माणसाचा पाय अवघडावा. कलावंतानं आपलं घड्याळ सव्वाशे शेजाऱ्यांच्या हाती दिलं, हे मला फार मोठं वाटतं.

पाण्यावर वेळ मोजणं आपल्यालाही नवं नाही. आपल्याकडे ‘घटका भरली’ असं म्हणतात, ते घटिकापात्रावरून. तांब्याच्या वाटीला बुडाशी बारीक छिद्र, ती पाण्यावर सोडली की हळूहळू भरते आणि २४ मिनिटांनी बुडते. लग्नाचा मुहूर्त तिच्यावर साधत. कुणाच्या माळ्यावर ते अजून असेल, तर या दिवाळीत काढा, घासा, पाण्यावर सोडा आणि ते बुडेपर्यंत मुलांना घेऊन शेजारी बसा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.