सायकलीवरची वर्गणी

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या लालबागच्या चाळीपुढच्या पटांगणात एकदा नॉनस्टॉप सायकलवाला आला होता. मधोमध बांबू, त्याला ट्यूबलाइट आणि कर्णा, भोवती चुन्याने आखलेलं रिंगण. त्या रिंगणात तो सात दिवस, सात रात्री पाय न टेकता सायकल चालवणार होता. चहा सायकलवर, दाढी सायकलवर, आंघोळसुद्धा सायकलवरच. कुणीतरी बादली धरून उभं राहायचं आणि हा जाता जाता तांब्याभर पाणी डोक्यावर ओतून घ्यायचा. रात्री दोनला उठून आम्ही पोरं गॅलरीतून बघायचो, आता तरी झोपतो का म्हणून. (बाकीच्या विधींचं काय, यावर चाळीत पुष्कळ खल झाला. निकाल लागला नाही.)

बायका कडेवर पोर घेऊन रिंगणाशी उभ्या राहायच्या. पोराच्या मुठीत रुपयाची नोट. तो जवळ आला की हँडल किंचित बाहेर वळवून वाकायचा आणि ती नोट सेफ्टी पिनेने त्याच्या शर्टाला लागायची. चौथ्या दिवशी शर्टाचा रंग दिसेनासा झाला. ते पैसे त्याच्या पोटासाठी होते, धर्मादाय वगैरे काही नव्हतं. पण सायकल आणि वर्गणी यांची सोयरीक मला तिथे पहिल्यांदा दिसली. भरधाव जाणाऱ्याला पिन लावता येत नाही.

हीच सोयरीक अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर जमली. बिली स्टार नावाच्या तरुणाची आई कॅन्सरने गेली. १९८० साली त्याने ३६ जणांना घेऊन मॅसॅच्युसेट्स राज्यातून लांबवर सायकल सफर केली आणि दहा हजार डॉलरच्या आसपास रक्कम जमवली. 'पॅन-मॅस चॅलेंज' नावाची ही सफर तिथल्या उन्हाळ्यात आजही निघते, हजारो लोक येतात. पद्धत सोपी. सफरीला निघणारा आधी शब्द देतो की मी अमुक रक्कम जमवीन. मग नातलग, शेजारी, ऑफिसातले लोक यांच्या मागे लागतो. कमी पडली तर उरलेली त्याच्याच खिशातून जाते. आपल्याकडे मंडळाच्या कार्यकर्त्यांना अशी अट घातली तर निम्मे कार्यकर्ते गावी निघून जातील.

तो पैसा बॉस्टनच्या डेना-फार्बर संस्थेच्या 'जिमी फंड'मध्ये जातो. कॅन्सर झालेल्या मुलांसाठी १९४८ साली हा निधी सुरू झाला. त्याच सुमारास डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या १६ मुलांना अमिनोप्टेरिन नावाचं औषध दिलं होतं आणि त्यातल्या १० जणांना काही काळ उतार पडला होता. त्याआधी अशा मुलांपुढे दिवस मोजण्यापलीकडे काही नव्हतं. ते रसायन लेडर्ली कंपनीच्या ज्या प्रयोगशाळेतून आलं, तिथले संशोधनप्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. अमिनोप्टेरिनचंच भावंड असलेली मेथोट्रेक्सेटची छोटीशी गोळी आजही ल्युकेमियाच्या मुलांना उपचाराच्या शेवटच्या लांबलचक टप्प्यात आठवड्यातून एकदा घ्यावी लागते. परळच्या फुटपाथवर बसलेल्या एखाद्या आईच्या पिशवीत ती हमखास सापडेल.

मुलांचं दुखणं आणि परळ हे नातं जुनं आहे. गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळात, १९२६ साली, केईएम रुग्णालय सुरू झालं. त्याच वर्षी नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि १९२९ साली बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय. वाडियांच्या स्वतःच्या गिरण्या होत्या, कामगारांच्या बायकामुलांना जवळ दवाखाना हवा हे त्यांना दिसत होतं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल हे कॅन्सरचं रुग्णालय उघडलं, १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेचे टॉवर आले. ही रुग्णालयं मात्र एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर तशीच उभी आहेत आणि त्यांच्या भोवती बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल, मराठवाडा, विदर्भ उतरलेला असतो.

पैसा कुठे अडतो हे इथे नीट समजून घेतलं पाहिजे. औषधांसाठी काही ना काही वाट निघते. महाराष्ट्रातल्या रुग्णाला महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, रुग्णालयाचा समाजसेवा विभाग आहे, ट्रस्ट आहेत. रेल्वे कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थ्री टायर एसीत पूर्ण सवलत देते, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. खरा प्रश्न दादर स्टेशनवर उतरल्यावर सुरू होतो. लहान मुलांत जास्त आढळणाऱ्या ल्युकेमियाचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. सुरुवातीचे कितीतरी महिने मुंबई सोडून चालत नाही. खोलीचं भाडं, जेवण, टॅक्सी, बुडालेली मजुरी यांच्यासाठी योजना नाही. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, अशा वेळी उघड्यावरचं पाणी आणि गाडीवरचं खाणं म्हणजे जंतुसंसर्गाला निमंत्रण. मग बाप हिशेब करतो आणि पोराला घेऊन गावी परततो. बरं होऊ शकणारं मूल असं हातचं जातं. याला डॉक्टर 'उपचार सोडणे' म्हणतात. शब्द फारच सौम्य आहे.

हे थांबवणारी माणसं याच भागात आहेत. टाटाच्या बालरोग विभागाशी जोडलेल्या 'इम्पॅक्ट फाउंडेशन'ने पैसा, निवास आणि पाठपुरावा एकत्र आणून उपचार सोडणाऱ्यांचं प्रमाण खूप खाली आणलं. 'सेंट ज्यूड' संस्थेने २००६ साली लोअर परळला आठ कुटुंबांपासून सुरुवात केली. पुढे कॉटन ग्रीनला पोर्ट ट्रस्टच्या जुन्या इमारती दुरुस्त करून तिथे दीडशेहून अधिक कुटुंबांची विनामूल्य सोय झाली. तिथली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. तयार जेवण वाढत नाहीत. शिधा देतात, सामाईक स्वयंपाकघरात प्रत्येक आईची स्वतःची शेगडी असते आणि पोराला तिच्या हातचंच मिळतं. बंगाली आईचा भात आणि बिहारी आईचा चोखा शेजारी शेजारी शिजतो. परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा तर आपल्याला कधीपासून माहीत आहेत. हरखचंद सावला यांच्या 'जीवनज्योत'ने रद्दी गोळा करून रुग्णांच्या जेवणाला हातभार लावला, आजारी मुलांसाठी खेळण्यांची बँकही काढली. रद्दीतून जेवण निघत असेल, तर सायकलीतून का निघू नये?

धावण्यातून पैसा उभा करण्याची सवय मुंबईला २००४च्या मॅरेथॉनने लावली. सायकलवाल्यांत मोठी नावं मराठी मुलखातही आहेत. नाशिकच्या महेंद्र आणि हितेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ साली अमेरिकेचे दोन किनारे जोडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' नऊ दिवसांच्या आत पुरी केली, तीही आदिवासींच्या डोळ्यांच्या उपचारांसाठी. कौतुक करावं तेवढं थोडं. पण ते तुम्हाआम्हाला जमणारं नाही, आणि वर्गणीसाठी त्याची गरजही नाही. आपल्याला हवी गिरगाव ते शिवाजी पार्क अशी दहा-अकरा किलोमीटरची रमतगमत फेरी.

मे महिनाच का? मुलांना सुट्टी असते, जून उजाडला की पाऊस. पारा तेहतीस-चौतीसच्या पुढे फारसा जात नाही, पण दमटपणा जीव काढतो. सूर्योदय सहाच्या सुमारास, म्हणून पाचला गिरगाव चौपाटीवरून निघावं. ठाकूरद्वार, भायखळा, मग डॉ. आंबेडकर रोडने चिंचपोकळी, लालबाग, भारतमाता सिनेमा. वरच्या पुलाचा मोह टाळावा, खालून जावं, वर्गणी खालीच असते. परळहून हिंदमाता, दादर टीटी (ट्राम १९६४ साली गेली, तिचा 'टी' राहिला), टिळक पूल ओलांडला की शिवाजी पार्क. एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५मध्ये पाडकामासाठी बंद झाल्यापासून टिळक पुलावरची गर्दी वाढली आहे, म्हणून तिथे सातच्या आत पोहोचलेलं बरं. शहरात सायकलींसाठी वेगळी वाट जवळपास नाही. २०२२च्या मार्चमध्ये पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते गाड्यांना बंद केले, तेव्हा मरीन ड्राइव्हवर नातवंडांबरोबर आजोबाही सायकलवर दिसले होते.

सावकाश जाण्याचा फायदा असा, की थांबता येतं. आम्ही काही मित्र एका मेमध्ये असेच निघालो होतो. ना बॅनर, ना टी-शर्ट. कॅरिअरला पत्र्याचा डबा, डब्यावर कागद चिकटवलेला. लालबागला पोह्यांसाठी थांबलो तर पोहेवाल्याने पैसे घेतले नाहीत, उलट डब्यात शंभराची नोट टाकली. भारतमाताजवळ दूधवाला, पेपरवाला, कामावरून सुटलेला वॉचमन. परळला फुटपाथवर मास्क लावलेला सहासात वर्षांचा मुलगा आईबरोबर बसला होता, डोक्यावर केस नव्हते. त्याने माझ्या सायकलची घंटी वाजवली. मग पुन्हा वाजवली. आमची अख्खी फेरी त्या घंटीपायी वीस मिनिटं रखडली. त्याची आई ओरडली, तेव्हा कुठे तो थांबला.

डबा शेवटी एका संस्थेकडे नेला तेव्हा आमची चूक कळली. कुणी किती दिले याचा पत्ता नाही, त्यामुळे पावत्या कुणाच्या नावे फाडायच्या? कायद्याची बाजूही आहे. स्वतःच्या मंडळाच्या नावाने धर्मादाय वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, गणपती मंडळांना लागते तीच. त्यापेक्षा संस्थेला आधी भेटा, तिचं पत्र घ्या आणि पैसे थेट तिच्या खात्यावर जाऊ द्या. दोन हजारांवर रोख दिलेत तर देणगीवरची आयकरातली वजावट मिळत नाही, नव्या कररचनेत तर ती मुळीच नाही. पोलीस ठाण्याला कळवा. पंक्चरचं सामान आणि एक टेम्पो मागे ठेवा. थकलेल्या काकांना टेम्पोत बसायला लाज वाटते, त्यांना डबलसीट घ्या.

आणि शिवाजी पार्कला पोहोचलात की लगेच पांगू नका. गणेशोत्सवात चाळीत व्हायची तशी सावकाश सायकल स्पर्धा लावा. पाय टेकला तो बाद, सगळ्यांत शेवटी पोहोचला तो पहिला. प्रवेश वर्गणी पन्नास रुपये. फेरीपेक्षा जास्त पैसे याच खेळात जमतील असा माझा अंदाज आहे, कारण मुंबईचा माणूस बघायला थांबला की देतो.

गॅलरीत कपडे वाळत घालायला वापरता ती सायकल एप्रिलमध्येच ओव्हरहॉलिंगला टाका. सुट्टी लागली की सायकलवाल्याकडे पोरांची रांग असते, मग तो पंधरा दिवस हात लावत नाही. ट्यूब नवी घ्या. घंटी मात्र जुनीच ठेवा, तिचा आवाज मोठा असतो.