हाडांची देखभाल – लेखांक ९ : खुबा मोडतो तेव्हा

गेल्या आठवड्यात मनगटाबद्दल लिहिलं होतं. घसरताना आपण हात टेकतो आणि मनगट मोडून घेतो. सत्तरी ओलांडली की तो हात वेळेवर पुढे येत नाही. माणूस थेट कुशीवर आपटतो आणि खुबा, म्हणजे मांडीच्या हाडाचा वरचा भाग, मोडतो.

आजी रात्री लघवीला उठतात, बाथरूमच्या उंबऱ्याशी पाय सरकतो. त्यांना खाटेवर निजवल्यावर दोन्ही पाय शेजारी-शेजारी पाहा. मोडलेला पाय थोडा आखूड, त्याची टाच दुसरीपेक्षा वर, आणि पाऊल बाहेरच्या अंगाला कलंडलेलं. ते सरळ करायला जाऊ नका, आणि तेल लावून चोळू तर मुळीच नका. मोडलेली टोकं एकमेकांत रुतून बसली असतील, तर मात्र यातलं काहीच दिसत नाही. अशा आजी चार पावलं चालतातही आणि गुडघा दुखतो म्हणतात, कारण खुब्याची कळ गुडघ्यात उतरते. एक्स-रेतही अशी चीर कधीकधी सापडत नाही. पडल्यानंतर जांघेतलं दुखणं थांबत नसेल तर एमआरआय करून घ्यावा.

हाड नेमकं कुठे मोडलंय, यावर पुढचं सगळं ठरतं. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या उखळीत बसतो. त्याला रक्त मिळतं ते मुख्यतः हाडाच्या मानेवरून चढणाऱ्या बारीक वाहिन्यांतून. मान मोडून सरकली की त्या तुटतात आणि गोळा मरू लागतो. तरुण माणसाचा गोळा स्क्रू घालून वाचवायची धडपड करतात. म्हाताऱ्या माणसाचा बहुधा काढून कृत्रिम बसवतात. मानेच्या खाली, जिथे हाड रुंद होतं, तिथली गोष्ट निराळी. तिथे रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे हाड आपोआपही जुळतं.

मग शस्त्रक्रिया करून हाडात रॉड कशाला घालायचा, असं घरचे विचारतात. रास्त प्रश्न आहे. रॉड नको म्हटलं, तर पायाला वजन लावून दोन-तीन महिने पडून राहावं लागतं. त्या काळात पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. आजी दगावतात त्या यातल्याच कशाने तरी. रॉड घालायचा तो त्यांना दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करता यावं म्हणून.

‘वय झालंय, भूल सोसायची नाही,’ हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात कालवतं. बऱ्याच वेळा कमरेत इंजेक्शन देऊन फक्त खालचा भाग बधिर करता येतो. हृदयाची, रक्ताची तपासणी जरूर व्हावी, पण त्यात आठवडा घालवू नये. शक्यतो 36 ते 48 तासांत शस्त्रक्रिया व्हावी.

घरी जाताना डिस्चार्जच्या कागदावर हाडांच्या ठिसूळपणाचं औषध लिहिलंय का, ते विचारा. ते फार वेळा राहून जातं, आणि एक खुबा मोडलेल्याला दुसऱ्याचाही धोका असतो.

मोटारसायकलवरून पडलेल्या तरुणांच्या मांडीच्या हाडाबद्दल पुढच्या आठवड्यात.