रोल नंबर आणि राणीचा रोल

हजेरीतला रोल नंबर आणि नाटकातला रोल यांचा काय संबंध, असे मुले आम्हाला विचारतात. इंग्रजीत स्पेलिंग वेगवेगळे, पण मूळ एकच: गुंडाळलेला कागद. हजेरीची नावे अशा गुंडाळीवर असत, नटाचे संवादही. शेक्सपिअरच्या काळात नटाला अख्खे नाटक मिळत नसे; फक्त त्याची वाक्ये आणि आधीच्या नटाचे शेवटचे दोन-तीन शब्द. तोच त्याचा ‘पार्ट’.

मुलांनी मात्र ‘पार्ट म्हणजे भाग, प्ले म्हणजे खेळणे’ एवढेच घोकलेले. उताऱ्यात राणीचा पार्ट ‘प्ले’ करणारी मुलगी आली की ‘ती राणीच्या भागाशी खेळली’ असे लिहून मोकळी होतात, आणि पुढची उत्तरेही चुकतात. शब्दार्थ पाठ करून घेणाऱ्या अम्मी-अब्बांना आमची विनंती, शब्दाबरोबर वाक्यही विचारा.

‘चेंज’ म्हणजे बदल. कंडक्टर मागतो ते सुटे पैसेही. ‘एक्स्चेंज’ जुन्या फ्रिजचे, टेलिफोनचे, शेअर बाजाराचेही.

उर्दू बोलणाऱ्या घरांत हे नवे नाही. ‘किरदार’ म्हणजे भूमिका आणि चारित्र्यही. ‘तबादला’ मास्तरांचा होतो, तसा खयालांचाही. मराठीत मात्र मास्तरांची बदली होते, आणि उर्दूत ‘बदली’ म्हणजे आभाळातला ढगसुद्धा!