घरच्या घरी कायाक: कापड कोणतं, रेझिन कोणतं?

संगमेश्वरला शास्त्री-सोनवीच्या पाण्यात घरी बांधलेली कायाक उतरवायची असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा: इथे तळाला कातळ लागतो. वजनाइतकाच घासणं सोसण्याचा विचार करा.

🔹 काचतंतू (फायबरग्लास): स्वस्त आणि दुरुस्तीला सोपं. लाकडी पट्ट्यांच्या कायाकला चौरस मीटरला 200 ग्रॅमचं विणलेलं कापड आतून-बाहेरून पुरतं. तळाला एक थर जादा.
🔹 कार्बन: हलकं, ताठ, महाग. दगडावर जोरात आपटलं तर तडकतं.
🔹 केवलार: चिवट, फाटता फाटत नाही. पण कापायला त्रास, आणि पॉलिशपेपर मारला की तंतू पिंजतात.

रेझिन: पॉलिस्टर स्वस्त, पण लाकडाला इपॉक्सीच घट्ट धरतं. चॉप्ड मॅट (काचतंतूंच्या तुकड्यांची चटई) इपॉक्सीसोबत शक्यतो टाळा. तिचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर बहुधा पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळणारा असतो.

दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो पाण्याने धुऊनच पुढचा हात द्या. उन्हापासून बचावाला वरून यूव्ही वॉर्निश हवंच.

नौदल अधिकारी दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये जिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती गोव्यात बांधलेली शिडाची नौका 'म्हादेई'ही लाकूड आणि फायबरग्लासचीच.

पहिल्या कायाकला माझं मत: लाकूड, काचकापड, इपॉक्सी. काम करताना हातमोजे-मास्क आणि पाण्यात लाइफ जॅकेट विसरू नका!