अशोकाचे पाच यवन राजे आणि भूमध्य समुद्र

कलिंग युद्धानंतर सम्राट अशोकाने शस्त्राचा विजय सोडून धम्मविजय स्वीकारला, हे आपल्या घरातील लहान मूलही सांगते. परंतु तेराव्या शिलालेखात त्याने ज्या पाच यवन राजांची नावे कोरविली, त्यांची राज्ये नकाशावर दाखवा म्हटले, तर पदवीधरही गोंधळतात. म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

भूमध्य म्हणजे भूमीच्या मध्ये असलेला समुद्र. त्याच्या पूर्व भागाभोवती युरोप, आशिया व आफ्रिका ही तिन्ही खंडे आहेत. ग्रीस व आजचे तुर्कस्तान यांच्या मधला, बेटांनी भरलेला भाग म्हणजे एजियन समुद्र. त्याच्या दक्षिणेस क्रीट बेट आहे. तुर्कस्तानच्या या किनाऱ्यावरील पट्ट्याला आयोनिया म्हणत. त्यावरूनच पालीतील 'योन' व संस्कृतातील 'यवन' हे शब्द आले. विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे की, आयोनियन समुद्र मात्र ग्रीसच्या पश्चिमेस आहे.

इ. स. पूर्व ३२३ मध्ये अलेक्झांडर मरण पावला आणि त्याच्या सेनापतींनी साम्राज्य वाटून घेतले. अशोकाचे पाच राजे त्यानंतरच्या पिढ्यांतील आहेत. 'अंतियोक' म्हणजे सीरियाचा दुसरा अँटिओकस. त्याचे राज्य पूर्वेस इराणकडे पसरलेले असल्याने तो अशोकाचा शेजारी. 'तुरमय' हा इजिप्तचा दुसरा टॉलेमी, राजधानी अलेक्झांड्रिया. 'अंतिकिनी' हा मॅसिडोनियाचा अँटिगोनस. 'मक' हा आजच्या लिबियाच्या किनाऱ्यावरील सायरीनचा मॅगस. 'अलिकसुदर' हा आयोनियन समुद्राकाठच्या एपिरसचा अलेक्झांडर. काही विद्वान त्याला कॉरिंथचा मानतात.

या नावांचे महत्त्व फार मोठे आहे. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली. ग्रीक इतिहासावरून या राजांचा काळ ठाऊक होता. दुसरा अँटिओकस इ. स. पूर्व २६१ मध्ये गादीवर आला, म्हणजे हा लेख त्यापूर्वीचा नाही. दोन वेगळ्या वह्यांतील नोंदी जुळाव्यात, तसा अशोकाचा काळ निश्चित झाला. प्राचीन भारताच्या कालगणनेचा हा एक मुख्य आधार होय.

अशोकाचे दूत तेथवर पोहोचले काय? अशोक आपल्या लेखात तसे सांगतो, ग्रीक ग्रंथ मात्र गप्प आहेत. तेव्हा श्रद्धेने फुगवून सांगू नये आणि नाकारूही नये. कंदाहार येथे १९५८ मध्ये अशोकाचा ग्रीक व अरेमाइक भाषांतील लेख सापडला. म्हणजे यवनांशी तो त्यांच्याच भाषेत बोलत होता. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके हे बंदर याच तुरमयाने वसविले. तेथे २०२२ मध्ये रोमन काळातील बुद्धाची संगमरवरी मूर्ती मिळाली. ती अशोकानंतर काही शतकांची आहे, तेव्हा दूतांचा पुरावा ठरत नाही. परंतु बुद्धाची ओळख त्या वाटेने इजिप्तपर्यंत गेली होती, एवढे निश्चित.

दुसऱ्या शिलालेखात अशोक सांगतो की, अंतियोक व त्याच्या शेजारी राजांच्या प्रदेशांतही माणसांच्या व जनावरांच्या औषधोपचाराची सोय केली आहे. परक्या राजांची नावे दगडावर कोरायची ती बहुधा त्यांना जिंकल्यावर. अशोकाने ती कोरली औषध आणि धम्म पाठविला म्हणून. कल्याणाचे काम करणाऱ्या आपल्या संस्थेने हा धडा विसरू नये.

जय भीम!